'रिॲक्शन आली' म्हणू नका: उपचारातली चूक पेशंटला आणि घरच्यांना कशी सांगायची

वॉर्डात एक शब्द सगळ्या संकटांवर चालतो: रिॲक्शन. इंजेक्शनचा डोस जास्त गेला, रिॲक्शन. दुसऱ्याची सलाईन लागली, रिॲक्शन. घरचेही मान डोलावतात, कारण रिॲक्शनला कुणी जबाबदार नसतं. मग दोन दिवसांनी बी.फार्म. झालेला एखादा भाचा येतो, खाटेशेजारची बाटली उचलून बघतो आणि विचारतो, "हे तुम्हाला त्याच रात्री माहीत होतं ना?" तिथून पुढे डोस किती गेला हा मुद्दाच उरत नाही. डॉक्टर खोटं बोलले, एवढंच उरतं.

नुकतेच इंटर्न, रेसिडेंट, आरएमओ (हॉस्पिटलात ड्युटीवर राहणारे डॉक्टर) किंवा स्टाफ नर्स म्हणून रुजू झालेल्यांसाठी हे लिहिलंय. डोळ्यांसमोर आहे तालुक्याच्या गावातलं तीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. महापालिकेच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात माणसांची पदं बदलतील, क्रम तोच राहील.

आधी नाव बरोबर द्या

घडलेली प्रत्येक वाईट गोष्ट चूक नसते. सगळं नीट करूनही पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पित्त गळू शकतं, ते कॉम्प्लिकेशन. तेही सांगायचंच, पण 'आमची चूक' असं म्हणायचं नाही. जे द्यायचं किंवा करायचं ठरलं होतं त्यापेक्षा वेगळं घडलं, किंवा जे करायलाच हवं होतं ते राहून गेलं, ती चूक. चुकीची बाटली हातात घेतली पण टोचण्याआधी लेबल वाचून परत ठेवली, तर ते थोडक्यात निभावणं. त्याचा रिपोर्ट हॉस्पिटलच्या घटना-नोंदवहीत गेलाच पाहिजे. पेशंटला सांगण्याची सहसा गरज नसते, त्याने ते स्वतः पाहिलं असेल तर मात्र सांगावं.

घोळ होतो तो मधल्या जागी. अँटिबायोटिकचा एक डोस दोनदा गेला, पेशंटला काहीच झालं नाही. सांगायचं? सांगायचं. औषध अंगात गेलं म्हणजे ती गोष्ट पेशंटची झाली. कसोटी सोपी आहे: हे उद्या त्याला दुसऱ्याकडून कळलं तर 'मला का नाही सांगितलं' असं तो म्हणेल का? म्हणेल, तर आजच तुम्ही सांगा.

नवे डॉक्टर अपराधी वाटून कॉम्प्लिकेशनलाही चूक म्हणून मोकळे होतात. मुरलेले डॉक्टर चुकीलाही कॉम्प्लिकेशन म्हणतात. दोन्ही खोटंच. आणि कारण अजून कळलं नसेल, तर 'अजून कळलेलं नाही, शोधतोय' हे पूर्ण उत्तर आहे.

पहिला तास

एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. अडुसष्ट वर्षांच्या आजी पायाच्या जखमेसाठी दाखल आहेत. रात्री आठला जेवणाआधी मिक्स इन्सुलिन १६ युनिट द्यायचं. पेन घरून आणलेलं, पण पेनच्या सुया संपलेल्या. सिस्टरने पेनच्या कार्ट्रिजमधून साध्या इन्सुलिन सिरिंजने १६ च्या खुणेपर्यंत औषध ओढलं. सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे १ मिलीत ४० युनिट धरून खुणा केलेली. कार्ट्रिजमध्ये मात्र १ मिलीत १०० युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजवर १६ ची खूण म्हणजे ०.४ मिली, आणि तेवढ्या औषधात ४० युनिट. अडीच पट. साडेअकराला आजी घामाने भिजलेल्या, बोलणं अडखळतंय, ग्लुकोमीटरवर साखर ४१, म्हणजे धोकादायक कमी.

पहिलं काम पेशंट. २५ टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) १०० मिली शिरेतून, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर. मिक्स इन्सुलिनचा असर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकू शकतो, त्यामुळे एकदा साखर वर आली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. १० टक्के डेक्स्ट्रोज चालू ठेवून तासातासाला तपासायचं. ज्यांना चूक कशी सांगावी याची काळजी लागलेली असते, ते कधीकधी हेच विसरतात.

दुसरं काम फोन. कन्सल्टंटला, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना, 'सर, बारा नंबरची साखर लो झाली होती, आता ओके आहे' एवढंच कळवलं तर सर पुन्हा झोपतात आणि सकाळच्या राउंडला गोंधळ होतो. फोनवर पाच गोष्टी सांगा: काय गेलं, किती गेलं, पेशंट आत्ता कसा आहे, तुम्ही काय केलंत आणि घरचे कुठे आहेत. "सर, बेड बारा, इन्सुलिन १६ ऐवजी ४० गेलंय. साखर ४१ होती, डेक्स्ट्रोज दिलं, आता ११८, शुद्धीवर आहेत. मुलगा आणि सून बाहेर बसलेत. तुम्ही यायला हवं." शेवटचं वाक्य गाळू नका.

तिसरं, वस्तू जपून ठेवा. कार्ट्रिज, पेन, सिरिंजचं वेष्टन आणि टोपण पिशवीत घालून वर तारीख, वेळ, बेड नंबर लिहा आणि इन्चार्ज सिस्टरच्या कुलपात ठेवा. सिरिंज हवी असेल तर सुई न टोचेल अशा कडक डब्यात. रक्ताच्या बाबतीत चूक असेल तर पिशवी सेटसकट, पेशंटच्या नव्या सॅम्पलबरोबर ब्लड बँकेत परत गेली पाहिजे. मावशींनी कचऱ्यात टाकली की पुरावाही गेला आणि निदानही. पंप किंवा मॉनिटर असेल तर त्याची मेमरी पुसू नका. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते राखून ठेवण्याची चिठ्ठी त्याच दिवशी ऑफिसला द्या.

चौथं, जिच्या हातून झालं त्या सिस्टरला त्या रात्री पुढचा औषधांचा राउंड देऊ नका. हात थरथरत असताना दुसरी चूक होते. तिच्यावर कॉरिडॉरमध्ये ओरडू नका; घरचे ते ऐकतात आणि गुन्हेगार ठरवून टाकतात.

या सगळ्यात सून दारातून डोकावून विचारणारच, "काय झालं आईंना?" कन्सल्टंट यायचे असतात आणि चुकीबद्दल बोलण्याचा अधिकार तुमचा नसतो. पण खोटं बोलण्याचाही नसतो. एवढं म्हणा: "साखर फार खाली गेली होती, औषध देऊन वर आणलीय, त्या आता बोलतायत. ती का उतरली हे मोठे डॉक्टर अर्ध्या तासात येऊन स्वतः सांगतील." आणि अर्ध्या तासात कुणीतरी यायलाच हवं. उशीर होत असेल तर तसंही जाऊन सांगा.

कोण, कुणाशी, कुठे

बोलणार ते कन्सल्टंट, ज्यांच्या नावावर पेशंट दाखल आहे. सोबत इन्चार्ज सिस्टर किंवा आरएमओ. इंटर्नला एकट्याला पुढे करणं ही जुनी खोड आहे आणि ती घरच्यांना पहिल्या मिनिटात कळते. बोलायला जाण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून ठरवा: आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि काय नाही. तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या की चौथ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. वॉर्डबॉय आणि रिसेप्शनलाही सांगून ठेवा, की विचारलं तर 'डॉक्टर बोलतील' एवढंच म्हणायचं.

ऐकणारी पहिली व्यक्ती पेशंट स्वतः. शुद्धीत आणि समजण्याच्या स्थितीत असेल तर आधी त्याला, आणि त्याच्या संमतीने घरच्यांना. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आजी जाग्या असतात, पण बोलणं बाहेर मुलाशी चालतं आणि तो म्हणतो, "आईला काही सांगू नका, घाबरेल." त्याला झिडकारू नका. "त्यांनी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, तुम्ही शेजारी बसा, आपण मिळून सांगू," असं म्हटलं की बहुतेक वेळा वाट निघते. आजी नुकत्याच शुद्धीवर आल्या असतील तर त्यांना सकाळी सांगा, पण सांगाच.

दुसरी अडचण गर्दीची. गावाकडून जीप भरून माणसं येतात, त्यात एखादा पुढारी असतो आणि तोच बोलायला लागतो. "जवळचे तिघं-चौघं आत या, बाकीच्यांना तुम्हीच जाऊन सांगा," असं म्हणा. रात्रंदिवस खाटेशी बसलेली सून त्या तिघांत असायलाच हवी. बरेचदा तिलाच बाहेर ठेवलं जातं आणि खरे प्रश्न तिच्याकडेच असतात.

कॉरिडॉर नको, बिलिंगच्या काउंटरशेजारी तर नकोच. दार बंद होणारी खोली, सगळ्यांना खुर्च्या, पाण्याचा तांब्या, फोन सायलेंट. उभ्याने बोलू नका. वातावरण तापलेलं असेल तर डॉक्टरांनी दाराजवळची खुर्ची घ्यावी आणि सिक्युरिटीला खोलीबाहेर, नजरेआड उभं करावं. हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे, पण दगड फेकणाऱ्या हाताला त्या क्षणी कलम आठवत नाही. बसून, हळू आवाजात सांगितलेलं जास्त कामी येतं.

फोनवर तपशील सांगू नका. घरचे गावाला असतील तर प्रकृती कशी आहे ते आणि 'लगेच निघा' एवढं सांगा, बाकी समोरासमोर.

वाक्यं

मराठीत चूक तीन तऱ्हेने सांगता येते. 'चूक झाली', जशी वीज पडली. 'सिस्टरने चूक केली', म्हणजे मी नामानिराळा. आणि 'आमच्याकडून चूक झाली'. तिसरं वाक्य वापरा. ते जबाबदारी घेतं आणि एका माणसाला गर्दीपुढे ढकलत नाही. 'इनॲडव्हर्टंट ओव्हरडोस' वगैरे म्हणून इंग्रजीमागे लपू नका; घरच्यांना शब्द कळत नाही, पण लपणं कळतं.

कन्सल्टंटनी साधारण असं बोलावं: "आजींना आठ वाजता इन्सुलिन जास्त गेलं. १६ युनिट द्यायचं होतं, ४० गेलं. ही चूक आमच्याकडून झाली. त्यामुळे साखर ४१ पर्यंत उतरली. लक्षात आल्याबरोबर ग्लुकोज सुरू केलं, आता साखर ११८ आहे आणि त्या ओळखून बोलतायत. उद्यापर्यंत दर तासाला साखर बघावी लागेल. मी तुमची माफी मागतो."

इथे थांबा. पुढचं वाक्य त्यांचं असू द्या, शांतता कितीही लांबली तरी. घाबरलेला डॉक्टर ही पोकळी भरायला जातो आणि तिथेच घसरतो: "अशा गोष्टी होतात", "नशीब, वेळेत लक्षात आलं", "स्टाफ कमी आहे हो". देवाच्या कृपेने वाचल्या, असं आजींच्या मुलाने म्हणावं, डॉक्टरांनी नाही. 'तुम्हाला त्रास झाला असेल तर सॉरी' यातला 'असेल तर' काढून टाका, आणि 'सॉरी'ही टाळा. धक्का लागल्यावर जो शब्द निघतो तो इथे फार हलका पडतो. 'माफी मागतो' म्हणायला जड जातं, म्हणूनच ते ऐकलं जातं.

मग प्रश्न येतात, आणि ते ठरलेले असतात.

"कुणी केलं?" नाव पहिल्या बैठकीत देऊ नका, पण नाव नसल्याचं नाटकही करू नका. "आजी माझ्या नावावर दाखल आहेत, उत्तर मी देणार. कसं झालं ते शोधतोय आणि तुम्हाला सांगणार."

"पुढे काही परिणाम होईल का?" माहीत असेल तेवढंच. 'काही होणार नाही' हे आश्वासन नंतर महागात पडतं. "आत्ता त्या व्यवस्थित बोलतायत, हातपाय हलवतायत. उद्या सकाळी पुन्हा तपासू आणि लगेच सांगू."

"तुमच्या आईला असं झालं असतं तर?" याला युक्तिवाद नसतो. "मलाही असाच राग आला असता," एवढंच, आणि खालच्या मानेने.

उठण्याआधी पुढच्या भेटीची वेळ ठरवा आणि एका माणसाचं नाव व फोन नंबर लिहून द्या. 'काही लागलं तर विचारा' हा निरोप कुणालाच पोहोचत नाही.

केसपेपर

याच जागी सगळ्यात जास्त लोक बुडतात. मूळ नोंदीला हात लावू नका. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही, रात्री बसून सगळी शीट नव्या अक्षरात उतरवणं तर अजिबात नाही. काही लिहायचं राहिलं असेल तर खाली 'उशिरा केलेली नोंद' असं म्हणून आत्ताची तारीख, आत्ताची वेळ आणि सही. चुकीचा शब्द खोडायचा तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही. शाई, अक्षराची घाई आणि वेळांचा क्रम यावरून नंतर लिहिलेलं पान ओळखू येतं, आणि ते ओळखू आलं की बाकीचे खरे कागदही खोटे ठरतात.

केसपेपरमध्ये घटना लिहा: कोणतं औषध, किती, किती वाजता, परिणाम काय दिसला, उपचार काय केले, साखरेचे आकडे वेळेसह. मग बोलण्याची नोंद: कोण हजर होतं, काय सांगितलं, त्यांनी काय विचारलं, पुढची भेट कधी. दोष कुणाचा, अंदाज काय, सिस्टर आधीही अशीच वागली होती का, हे तिथे लिहू नका. घटनेचा अंतर्गत रिपोर्ट वेगळा असतो.

घरच्यांनी कागद मागितले तर द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणी आल्यापासून ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात आणि उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं रेकॉर्ड जपायचं असतं. 'वकिलांना विचारून देतो' म्हणत आठवडा काढलात, तर त्या आठवड्यात तुम्ही कागद बदललेत असंच समजलं जाणार.

पैसे आणि कायदा

चुकीमुळे वाढलेले दिवस, डेक्स्ट्रोज, तपासण्या यांचं बिल लावू नका, आणि हे घरच्यांनी विचारण्याआधी सांगा. माफीचा प्रसंग आणि 'आमची काही तक्रार नाही' या कागदावरची सही यांची गाठ घालू नका. तसा कागद त्या खोलीत पुढे सरकवला की आधी बोललेलं सगळं पुसलं जातं.

इन्शुरन्स कंपनीला त्याच दिवशी कळवा. व्यावसायिक इन्शुरन्सच्या पॉलिसीत सहसा दोन अटी असतात: घटना लवकर कळवायची आणि कंपनीला न विचारता कायदेशीर जबाबदारी कबूल करायची नाही. म्हणून 'डोस जास्त गेला, आमच्याकडून चूक झाली' हे सत्य सांगायचं. 'नुकसानभरपाई देऊ', 'हा कायद्याने निष्काळजीपणाच आहे' ही वाक्यं तुमच्या अधिकारातली नव्हेत. पॉलिसी घटनेआधी वाचून ठेवा, घटनेनंतर डोकं ताळ्यावर नसतं.

माफी मागितली तर ती कोर्टात आपल्याविरुद्ध वापरतील, ही भीती खोटी नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत माफीला कायद्याचं संरक्षण आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ पासून नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली धरली जात नाही. आपल्याकडे तसा खास कायदा नाही. म्हणून शब्द मोजून वापरायचे, पण लपवायचं नाही. लपवलेली चूक आणि बदललेला कागद ग्राहक आयोगापुढे मूळ चुकीपेक्षा जड पडतो. पैसे घेऊन केलेले उपचार १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ग्राहक कायद्यात येतात आणि तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. फौजदारी गुन्ह्याचं वेगळं आहे: जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की त्यासाठी ढोबळ, घोर निष्काळजीपणा लागतो आणि पोलिसांनी आधी त्या शाखेतल्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यायला हवं. सिरिंजची गफलत आपोआप त्यात बसत नाही.

मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून चुका स्वतःहून सांगायला सुरुवात केली आणि त्यांच्यावरचे दावे निम्म्याहून कमी झाले, हे बरेचदा सांगितलं जातं. खरं आहे, पण तिथले डॉक्टर पगारी आणि विमा संस्थेचा स्वतःचा. तीस खाटांच्या हॉस्पिटलने तोच आकडा मनात धरू नये. इकडून ब्रिटनला जाणाऱ्या नर्सेस आणि डॉक्टरांनी मात्र लक्षात ठेवावं, की इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांवर नोव्हेंबर २०१४ पासून मध्यम किंवा गंभीर इजा झाल्यावर ती सांगण्याची, माफी मागण्याची आणि नंतर लेखी कळवण्याची सक्ती आहे.

पेशंट गेला असेल तर

क्रम तोच, पण दोन गोष्टी बदलतात. मृत्यूच्या दाखल्यावर घाईने 'हृदयक्रिया बंद' लिहून मोकळं व्हायचं नाही. चुकीचा संबंध असण्याची शंका असेल तर पोलिसांना कळवून पोस्टमॉर्टेम. हे घरच्यांना सांगणं सगळ्यात कठीण, कारण 'चिरफाड' या शब्दाचीच धास्ती असते आणि अंत्यविधीला उशीर होतो. आधी मृत्यूची बातमी, मग वेळ, मग हे. "नेमकं कशाने झालं ते तुम्हाला आणि आम्हाला दोघांनाही कळायला हवं, आणि ते ठरवणारे डॉक्टर आमचे नसतील," हे कारण लोकांना पटतं. किती तास लागतील, बॉडी कुठून मिळेल, गाडी कोण बघेल, हे त्याच वेळी सांगा. एकाने त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत थांबावं, आणि डिपॉझिटच्या हिशेबासाठी कुणी त्यांना काउंटरवर बोलावू नये.

दुसरी भेट

पहिली भेट बहुतेकजण कशीतरी पार पाडतात, दुसरी टाळतात. घरचे शांत झालेत, आता जखम कशाला उकरायची, असं वाटतं. पण पहिल्या भेटीत 'शोधून सांगतो' म्हटलेलं असतं. आठवड्याच्या आत बोलवा आणि सापडलेलं सांगा: पेनच्या सुया वॉर्डात ठेवलेल्याच नव्हत्या, ट्रेमध्ये फक्त लाल टोपणाच्या सिरिंज होत्या, इन्सुलिन दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेण्याची पद्धत रात्रपाळीत मोडली होती. मग काय बदललं ते: सुयांचा डबा आला, कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढणं बंद, रात्रीही दोन सह्या. 'स्टाफला समज दिली आहे' हे उत्तर नव्हे. सुया नसतील तर पुढची सिस्टरही तेच करेल. एका पानात हे लिहून द्या, साध्या मराठीत.

आणि आजींच्या डिस्चार्जच्या दिवशी सुनेला घरची पिशवी आणायला सांगा. पेन, सुया, सिरिंज बाहेर काढा. लाल टोपण ४० च्या बाटलीसाठी, केशरी टोपण १०० च्या बाटलीसाठी, आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये सिरिंज कधीच खुपसायची नाही, हे तिच्याकडून करून घ्या. पेनच्या सुया घरीही संपतात.